सलीमभाईंचा घास

फोन सलीमभाईंच्या मुलीचा होता. "काका, अब्बा गेले," एवढंच ती बोलली. मी दारव्ह्याच्या शाळेत फळ्यासमोर उभा होतो... आणि खरं सांगतो, दुःखाआधी मला भीतीच वाटली. अडीच वर्षं जी आमच्या मागे लागली होती, तीच.

सलीमभाई, माझे जुने मित्र, बाजारात कापूस पारखायचे. त्या वर्षांत भाव पडलेले, गाड्या दिवस दिवस उभ्या, माणसं चिडलेली. पण सलीमभाईंनी चिमटीत धागा ओढून वाण सांगितला की कोणी वाद घालत नसे. भाकरी छातीत अडकते म्हणाले, तेव्हा आम्ही दोघांनी ते ॲसिडिटीवर ढकललं. मग नागपूरला दुर्बीण घातली, तुकडा तपासला, आणि अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला.

रिपोर्टात 'स्क्वॅमस' असा शब्द होता. बाजारात कोणीतरी सांगितलं, याचे दोन प्रकार असतात, एक वाईट आणि दुसरा त्याहून वाईट. त्यांचा जीव त्या शब्दातच अडकला. डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, वाण चांगला हाय का तेवढं सांगा. बाकी मले नाही समजत."

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, एक प्रकार नळीच्या आतल्या चपट्या पेशींचा, दुसरा बहुधा खाली जठराजवळ होणारा, ग्रंथींच्या पेशींचा. उपचारासाठी प्रकार कळावाच लागतो. "पण इतक्या सुरुवातीला मी आधी पाहतो, तो किती खोल गेलाय आणि आसपासच्या गाठींत पोचलाय का."

"म्हणजे गाडीच्या वरचा माल पाहून भाव नाही कराचा," सलीमभाई म्हणाले, "हात तळापर्यंत घालाचा." बाहेर आल्यावर मात्र त्यांनी माझा दंड धरला. "मास्तर, तळाशी ओला निघाला तं?"

ऑपरेशननंतर कळलं, तो वरच्या थरांतच होता, गाठी साफ होत्या. आशा चांगली आहे, खात्री कोणी देऊ शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही आशा ऐकली. भाभींनी उरलेलं ऐकलं. प्रत्येक तपासणीआधी त्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. शेवटी तो यकृतात निघाला... आणि मग सलीमभाई फार दिवस राहिले नाहीत.

परवा भाभींनी जेवायला थांबवलं. पहिला घास घेतला आणि भाभी, मुलगी नि मी, आम्ही तिघंही थांबलो. सलीमभाई असताना त्यांचा घास उतरेपर्यंत त्या घरात कोणी दुसरा घेत नसे. ती सवय अजून गेलेली नाही. मला ठसका लागला. पाणी पिऊन वर पाहिलं, तर मायलेकी दोघी माझ्या गळ्याकडे पाहत होत्या.

"उतरला ना, मास्तर?" भाभींनी विचारलं.