लहान गोळ्यावर किती पट्टे?

सांगलीच्या आमच्या लॅबचे किस्से सांगायला बसलो की एकाच्या मागनं दुसरा येतोच. ऐकणारे हसत असतात आणि माझं मात्र आत कुठंतरी दुखायला लागतं. नव्वदीतली गोष्ट. माणसं तिघंच. आमचे गाईड निकम सर, मूळचे खंडाळ्याचे. फलटणची सुनंदा कांबळे. आणि कुंडलचा मी, विलास.

पॉलिमर म्हणजे रेणूंचे लांबच लांब दोरे. त्यांचं एक टोक पृष्ठभागाला चिकटवून ते दाटीनं उभे केले की झाला ब्रश. दोन तऱ्हेचे दोरे मिसळले आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसलं, की ते तेल-पाण्यासारखे वेगळे व्हायला बघतात. ह्यालाच फेज सेपरेशन म्हणायचं. पण मुळं बांधलेली, लांब जाणार कुठं? मग आपापले पट्टे करून शेजारी राहतात.

आमचा प्रश्न एवढाच, की पृष्ठभाग सपाट नसून गोल असला तर? गोळा लहान होत गेला की दोऱ्यांच्या टोकांना जागा जास्त मिळते. मग पट्ट्यांचं काय होतं?

सर म्हणायचे, "पट्टे कमी होत जाणार. शेवटी दोनच! अर्धा गोळा ह्याचा, अर्धा त्याचा."

सुनंदा म्हणायची, "जागा मिळाली तर भांडणच मिटेल, सर. मिसळून जातील."

मी कधी सरांच्या बाजूनं असायचो. बहुतेक वेळा सुनंदाच्या.

*

गावाकडं आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आमचं पोरगं ब्रशात डॉक्टर व्हणार हाय!"

दिवाळीला घरी गेलो, तर शेजारचे तात्या ओसरीवर हजर. गाल सुजलेला. माझ्यापुढं तोंड उघडून बसले. मी दोऱ्यांचं, गोळ्याचं सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ते आसू दे रं. दाढ कवा काढतोस?"

*

साताऱ्याला एक सेमिनार होता. लोकांना दाखवायला सुनंदानं रबरी बॉलवर लाल आणि काळ्या लोकरीचे तुकडे चिकटवले. लय सुरेख केलं होतं. एसटीत ते प्रकरण मांडीवर घेऊन आम्ही बसलो. कंडक्टर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ह्येचं वय किती? हाफ तिकीट लागंल!"

सुनंदा एवढी हसली की डोळ्यांतनं पाणी आलं. तो बॉल साताऱ्यापर्यंत आमच्या दोघांच्या मधे होता. गाडी कराडला पंक्चर झाली. सगळे प्रवासी वैतागले. एक मीच होतो, ज्याला वाटत होतं की स्टेपनीसुद्धा पंक्चर निघावी!

*

खंडेनवमीला आमचे शिपाई गणपतमामा कॉम्प्युटरची पूजा करायचे. एका वर्षी भक्ती जास्त झाली आणि पाण्यात कालवलेलं कुंकू कीबोर्डवर सांडलं. 'ए' अक्षराचं बटण आत गेलं ते वर येईना. आमच्या प्रोग्रॅममध्ये एका दोऱ्याचं नाव ए, दुसऱ्याचं बी. पडदा बघता बघता नुसत्या 'ए'नं भरला.

गणपतमामा घाबरले. "सायेब, देव कोपला काय?"

सर पडद्याकडं बघत म्हणाले, "न्हाई मामा, बी संपलं! एवढं फेज सेपरेशन आमाला आजवर जमलं नव्हतं."

*

पण सरांचा लहान गोळा कॉम्प्युटरवर काही पुरा होत नव्हता. दोरे नीट वेगळे व्हायला मशीन खूप वेळ चालावं लागायचं आणि मधेच लाईट जायची. अर्धं झालेलं काम फ्लॉपीवर ठेवावं, तर पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी! पुन्हा पहिल्यापासून. सर पडद्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. दोरे हळूहळू सरकायला लागायचे आणि काळोख व्हायचा.

एकदा असंच झालं. काळोखातच सर म्हणाले, "मला ते एकदा बघायचंय रं. पेपर-बिपर नको. नुसतं बघायचंय."

त्या दिवशी चहा प्यायला कुणी उठलं नाही.

*

सुनंदाला जर्मनीची स्कॉलरशिप मिळाली. सांगली स्टँडवर तिला सोडायला गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो. तिचे आईवडील बाजूला उभे. गाडी लागली, तिनं खिडकीतनं बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "तिकडं लाईट जात नाही म्हणे."

ती म्हणाली, "मग काय, कामच करत बसावं लागणार!"

गाडी हलली. स्टँडबाहेर मी उसाचा रस मागितला आणि न पिताच निघून आलो. रसवाला मागनं ओरडत होता, "आवं पाव्हणं, गिलास तसाच हाय!"

*

काही वर्षांनी ती आली. निकम सर तोवर रिटायर होऊन साताऱ्यात राहायला आले होते. मीही तिथंच शिकवत होतो, तिला सरांकडं घेऊन गेलो. तिच्या हातात मोठ्या कागदाची गुंडाळी होती. तिकडच्या मोठ्या कॉम्प्युटरवर तिनं तोच लहान गोळा पुरा केला होता.

सरांची नजर साखरेच्या आजारानं गेलेली. तिला ते माहीत नव्हतं, माझ्याकडनं सांगायचं राहूनच गेलं होतं. दारातच तिला कळलं. तिनं गुंडाळी टेबलावर ठेवली, सरांच्या मागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, टोपी काढू?"

सरांचं डोकं पार तुळतुळीत. तिनं एका बाजूला तळवा टेकवला. "हा ए."

दुसऱ्या बाजूला दुसरा तळवा. "हा बी."

सर हळूच म्हणाले, "दोनच?"

"दोनच, सर. तुम्ही जिंकलात."

"आणि मधे?"

तिनं कपाळापासून मागं मानेपर्यंत एक बोट सावकाश फिरवलं. "मधे थोडी जागा राहते. तिथं दोघं मिसळलेले असतात."

सर हसायला लागले. हसता हसता त्यांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "विलास, तुला दिसलं का रं?"

मी म्हणालो, "व्हय सर. लय छान दिसलं."

गुंडाळी अजून कुणी उघडलीच नव्हती.