टायर बदलला, पण दगड?

मंडळी, घरी पोचल्या पोचल्या लिहिते.

आज संध्याकाळी सासूबाईंना घेऊन चाकणहून निगडीला येताना मागचा टायर पंक्चर झाला. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, सासूबाईंना रस्त्यापासून लांब उभं केलं. मागच्यांना दिसावं म्हणून सगळे ठेवतात तसे गाडीमागे मोठे दगड मांडले, त्यात बाभळीची फांदी खोचली. शेजारून कंटेनर गेला की जॅकवरची गाडी हलायची आणि माझा जीव जायचा.

स्टेपनी लागली. सुटलो एकदाचे, म्हणून निघालो.

बरंच पुढे आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दगड उचललेस ना गं?"

नव्हते उचलले. कंपन्या सुटायची वेळ, बाइकवाले कडेनेच जाणार. त्यात माझा नवराही. फोन लावला, उचलेना. गाडी वळवायला जागा नाही. परत लावला, परत तेच.

शेवटी त्याचाच फोन आला. "अगं, उशीर होईल. कुणीतरी शहाण्याने रस्त्यात दगड सोडलेत, एक जण आत्ता पडता पडता वाचला. तेवढे बाजूला टाकतो."

कुणी ते मी अजून सांगितलेलं नाही. ही पोस्ट वाचून कळेलच.

खरं सांगा, टायर बदलून झाल्यावर तुमच्यातले किती जण दगड उचलतात?