बत्तीघरातले मामा

आमच्या गावात नाव काढलं ते खाणीत उतरणाऱ्यांनीच. खाणीत उतरायची पहिली विहीर खणणारे, संप करून पाळीचे तास कमी करून घेणारे, आणि खाणीत पाणी घुसलं तेव्हा चार जणांना ओढून बाहेर काढणारे माझे आजोबा. ते मुकादम होते. कामगारांच्या सभागृहात त्यांचा फोटो अजून आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझे मामा, मात्र खाणीत कधी पोचलेच नाहीत.

निघाले होते तसे. मिसरूड फुटलेलं, पायात नवे बूट, शेजारी वडील. माणसं खाली नेणारा लोखंडी पिंजरा सुटला, उजेड गेला आणि मामा किंचाळले. समोरच्या माणसाच्या कमरेला मिठी मारून "वर घ्या, वर घ्या!" म्हणून ओरडायला लागले. घंटा वाजवून पिंजरा वर आणावा लागला. साहेबांना सांगून आजोबांनी मुलाला बत्तीघरात चिकटवलं. मग जन्मभर मामा खिडकीतून दुसऱ्यांच्या हातात दिवे देत राहिले. एखादा दिवा घेता घेता म्हणायचा, "काय साहेब, येता का जरा खाली फिरायला?" मामा हसायचे. पण आई सांगते, त्या दिवशी घरी जेवताना त्यांची मान वर होत नसे.

पुढे खाण बंद पडली. डोंगराच्या पोटात सरळ जाणारा एक जुना बोगदा तेवढा डागडुजी करून लोकांना बघायला उघडला. माहिती सांगायला पैलवान होते. आजोबांनी वाचवलेल्या चौघांतले तेच एक उरले होते. नावालाच पैलवान, बाकी कोळशाच्या धुळीनं छातीचं पार खोकं झालेलं. मामा बाहेर टेबल मांडून हेल्मेट वाटायचे.

एकदा शाळेची सहल आली आणि पैलवानांचा पत्ता नाही. पोरं कंटाळून एकमेकांच्या हेल्मेटवर टकटक करायला लागली. बाईंनी मामांना विचारलं, "काका, तुम्ही पण खाणीतच होता ना?"

"होतो तर," मामा म्हणाले. इथवर खोटं नव्हतं.

"मग सांगा ना काहीतरी!"

सगळी पोरं गप्प होऊन बघायला लागली. मामांकडे असं आजवर कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी पुराची गोष्ट सुरू केली. पाणी कसं घुसलं, दिवे कसे विझले. आणि बोलता बोलता "माझे वडील" म्हणायच्या जागी त्यांच्या तोंडून "मी" गेलं. मग ते थांबलेच नाहीत. चौघांनाही त्यांनीच बाहेर काढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"चला," बाई म्हणाल्या, "आता काकांच्या मागोमाग आत जायचं!"

मामा निघाले. बोगद्याच्या तोंडाशी ऊन होतं तोवर ठीक होतं. पुढे वळण आलं, थंड ओल अंगावर आली. लाकडी टेकूला धरून ते मटकन खाली बसले. एक मुलगी म्हणाली, "काका घाबरले!" कुणीतरी फिस्सकन हसलं.

"त्यांना दम लागतो," मागून आवाज आला. "उठ रे, बाहेर बस जा. मी नेतो यांना."

पैलवान. ते केव्हा आले, किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता.

सहल गेल्यावर दोघं बाकावर बसले. मामांनी न राहवून विचारलं, "तू ऐकलंस?"

"सगळं."

"चुकलं माझं."

पैलवानांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "तू घाबरलास त्याचं मला कधीच काही वाटलं नाही. आम्ही सगळेच घाबरायचो. पण माझा हात तुझ्या बापानं धरला होता. तेवढं त्याच्याकडून काढून घेऊ नकोस."

मामांनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि शाळेत गेले. आईनं विचारलं तर म्हणाले, "काम आहे." वर्गात फळ्यापुढे उभं राहून त्यांनी पोरांना सांगितलं, की काल मी खोटं बोललो, ते माझे वडील होते, मी पिंजऱ्यातूनच रडत परत आलो. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मग परत नाही गेलात कधी?"

"नाही."

बाई घाईघाईनं म्हणाल्या, "असू दे हो काका, त्यात काय एवढं!" आणि त्यांना चहाला बसवायला लागल्या. मामा म्हणतात, पोरं पुन्हा हसली असती तर परवडलं असतं. बाईंना त्यांची कीव आली होती. चहा न घेताच ते निघाले.

टेबलावरचं काम त्यांनी सोडलं नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगतात, "मी बत्तीघरात होतो." पण सांगताना अजूनही कानाच्या पाळ्या लाल होतात. आणि शाळा सुटायच्या वेळेला घरी यायचं झालं, तर ते बाजारामागच्या गल्लीनं, लांबच्या वाटेनं येतात.