बदली बाईंचा अर्धा फळा

खारकांच्या बिया काढून पाठवा, असं मागच्या खेपेला इथेच, घरच्या ग्रुपवर, सांगितलं होतं मुंबईकरांनो… आठवतंय? नाही ना! मला लिहिता-वाचता येत नाही म्हणून सगळं डोक्यात ठेवावं लागतं. तुमच्या हातात एवढाले फोन आणि डोकी मोकळी. असो, खारकांवर शेवटी येते.

गेल्या सोमवारची गोष्ट. आमच्या देवरूखकडच्या गावात दिवस वर आला तरी माझी नात स्नेहा डोक्यावरून चादर ओढून पडून राहिली. स्नेहा म्हणजे हे टाइप करतेय तीच… मी बोलते, ती लिहिते आणि मधूनमधून गाल फुगवते.

ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडला की पलीकडच्या वाडीत शाळा आहे, तिथे ती बदली बाई आहे. तिथल्या कायमच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्या परत येईपर्यंत ही. पहिली ते चौथी सगळी एकाच खोलीत आणि शिकवणारी एकटी.

"आजी, मी नाही जाणार आता. काहीही सांगितलं की पोरं म्हणतात, आमच्या बाई असं नाही करत."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? रडू आलं."

"पोरांसमोर?"

"नाही गो… पाण्याच्या टाकीमागे जाऊन."

(हे वाक्य ती गाळायला निघाली होती. ठेव गो बाय, राहू दे.)

माझं मत विचाराल तर बदलीचं काम म्हणजे दुसरीच्या घरात स्वयंपाक करण्यासारखं. डबे तिचे, मीठ कुठल्या डब्यात ते ठाऊक नाही, आणि जेवणारा पहिल्याच घासाला म्हणतो, चव वेगळी लागते. पण म्हणून काय घरची बाई येईपर्यंत चूल विझवून ठेवायची? माणसं उपाशी ठेवायची?

मी चादर ओढली. म्हटलं, "नोकरी सोडायची तर उभी राहून सोड, चादरीखालून नको. चल, मी येते."

गणपती होऊन गेलेले, परसातल्या काकडीच्या वेलाला मोठाली तवसं झाली होती. एक चांगलं हाताएवढं तवसं पिशवीत घातलं, मीठ घेतलं, विळी घेतली आणि निघाले. गुडघ्यांना विचारलंच नाही, त्यांनी नाही म्हटलं असतं.

मधल्या सुट्टीत शाळेच्या पडवीत विळी मांडून बसले. तवसं चिरायला लागल्यावर पोरं आपोआप जमली… मिठाची फोड हातात पडली की माणूस खोटं बोलत नाही, हा माझा अनुभव. मी विचारलं, "का रे, माझ्या नातीवर कसला राग तुमचा?"

पोरं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. मग तिसरीतली श्रावणी फोड चघळत म्हणाली, "त्यांनी आमच्या बाईंचं जास्वंद पुसलं."

बाई रजेवर जाताना रंगीत खडूंनी फळ्यावर मोठं जास्वंद काढून गेल्या होत्या. मी येईपर्यंत सांभाळा, असं पोरांना सांगून. आणि आमची स्नेहा पहिल्याच दिवशी सकाळी लवकर गेली आणि ओल्या फडक्याने सगळा फळा लख्ख पुसून मोकळी झाली!

स्नेहा दारातच उभी होती, तिने ऐकलं. "अरे, मग मला कुणी सांगितलं का नाही?"

पहिलीतलं एक चिमुरडं म्हणालं, "तुम्ही विचारलंत कुठे?"

मला वाटलं, आता ही पुन्हा टाकीमागे जाते. मी पदराने हात पुसून उठायच्या बेतात होते… पण नाही गेली. आत जाऊन खडूंचा डबा आणला, पोरांसमोर ठेवला आणि म्हणाली, "चुकलं माझं. काढा परत, जसं होतं तसं."

मग जी भांडणं! पाकळ्या किती होत्या, देठ कुठल्या बाजूला वळला होता, मधला तुरा पिवळा की केशरी… कुणी बाकावर चढलं, कुणी खाली बसून हुकूम सोडले. झालं ते जास्वंद कमी आणि कोबी जास्त. पण अर्धा फळा भरून.

स्नेहाने त्याच्या कडेने एक उभी रेघ मारली. "इकडचं तुमच्या बाईंचं. तिकडचं माझं. माझ्या अर्ध्यात मी शिकवणार आणि तुम्ही शिकायचं. बाई आल्या की त्यांना सगळं आलं पाहिजे म्हणून दाखवायचं."

श्रावणीने डस्टर उचललं आणि रेघेच्या इकडे धक्का न लावता स्नेहाचा अर्धा फळा नीट पुसून दिला. गणितासाठी.

तेव्हापासून ही रोज साकव ओलांडून जाते. मी चादर ओढायला गेले तर अंथरुणाची घडी घातलेली असते.

काल निरोप आला, बाईंना मुलगी झाली. पोरांनी ठरवलं, बाईंना लाडू पाठवायचे, आणि करणार कोण? स्नेहा! त्या बाई धडधाकट होऊन आल्या की हिची नोकरी संपली. मी म्हटलं, "बाय, लाडू जरा बेताचे कर. फार लवकर बरी व्हायची ती."

स्नेहाने डोळे वटारले. "आजी, तूप भरपूर घालायचं. आणि त्या येतील तेव्हा माझा अर्धा फळा मी स्वतः पुसून देणार."

अशी नात मिळायला नशीब लागतं… (हे पण ठेव गो.)

तर मुंबईकरांनो, नारळ आणि गूळ घरचे आहेत. तुम्ही अळीव, डिंक आणि खारीक येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवून द्या. खारकांच्या बिया काढून!