बाही बसली का?

शिवणाच्या बाईंकडे सून नाचतच आली.

"आई, बावीसच्या बावीस पास! सगळ्यांना पैकीच्या पैकी!"

"सगळ्यांना? माझ्या तीस वर्षांत असं एकदाही झालं नाही गं."

"अहो, मग आनंद माना ना!"

मानायलाच हवा होता. पहिल्या ऑनलाइन तुकडीचा निकाल चांगला लागला तर शिवणवर्ग चालू, नाहीतर बंद, असं संस्थेच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. व्हिडिओ सुनेने काढले, परीक्षाही तिनेच बेतली: चार पर्याय, एकावर टिचकी. आज निरोपाचा तास. साहेबसुद्धा एका चौकटीत येऊन बसले होते.

सगळ्यांनी स्वतः शिवलेले सदरे घातले होते आणि सगळे पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे ताठ होते. बाईंना ते खटकलं.

"बाही कशी बसवायची, समजलं ना? हात वर करा."

टपाटप बावीस पिवळे हात पडद्यावर उगवले.

"ते बटणातले नकोत. खांद्याला आहेत ते!"

एकेक हात निघाला आणि कानापर्यंत पोचायच्या आतच अडकला. निवृत्त पोस्टमनकाकांचा सदरा पोटावरून वर चढला. कुठेतरी टर्रकन शिवण गेली.

"बाई, मी नाही! माझा सदरा बोलला," एक चष्मेवाली म्हणाली.

हशा पिकला. बाई मात्र पडद्याला नाक लावून बसल्या.

"काका, बाहीचा खोल गोल पुढे की मागे?"

"पुढे! पर्याय दोन."

"मग तुमच्या अंगावर मागे का?"

"तुम्ही दाखवलंत तसंच केलं की, थांबवून थांबवून!"

बाईंनी कपाळावर हात मारला. त्या कॅमेऱ्याकडे तोंड करून शिकवत होत्या. त्यांचा उजवा हात पडद्यावर डावीकडे, आणि बावीस जणांनी बघून बघून उजवी बाही डावीकडे लावली होती.

"जाऊ द्या हो बाई," साहेब म्हणाले, "शंभर टक्के निकाल आहे. प्रमाणपत्रं वाटून टाकू."

"ज्याचा हात वर होत नाही त्याला माझ्या सहीचा कागद? निकाल शून्य लिहा."

"आई!" सून किंचाळली. "वर्ग बंद होईल!"

"नाहीतर तीन आठवडे द्या, साहेब."

साहेब घुटमळले. तेवढ्यात पडद्यावर पुन्हा बावीस पिवळे हात उगवले.

"आता बटणातले चालतील," बाई म्हणाल्या.

साहेबांना हसू आवरलं नाही. "द्या म्हणता, तर दिले तीन आठवडे."

दुसऱ्या दिवशी सून स्टुलावर चढली आणि बाईंच्या खांद्यामागून, शिकणाऱ्याला आपलेच हात वाटावेत असं, चित्रण करू लागली. "डोकं बाजूला, आई! अंबाडा सगळं झाकतोय!" अर्ध्या तासाच्या व्हिडिओचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यानंतर शिवायचं, फोटो पाठवायचा, बाईंनी बरं म्हटलं की पुढचा उघडायचा.

"आणि माझी परीक्षा?" सुनेने गाल फुगवले.

"राहू दे. कोण काय विसरलं ते कळायला बरी आहे. पास-नापास मात्र खांदा ठरवेल."

तीन आठवड्यांनी, साहेब पुन्हा चौकटीत असताना, एकवीस हात सरळ आभाळाकडे गेले. बाविसावा अर्ध्यावर.

"बाई, मी नापास," चष्मेवाली म्हणाली, "पण कुठे चुकलं ते कळलंय. बाहीचं भोकच अरुंद कापलं मी. उसवतेय परत."

"हा निकाल खरा," बाई म्हणाल्या. "साहेब, बोला. वर्ग चालू ठेवायचा का?"

साहेबांनी उत्साहाने हात वर केला. त्यांचा भारीतला कोट खांद्याशी गच्च आवळला आणि हात तिथेच थांबला.

"पुढच्या तुकडीत तुमचं नाव घालते," बाई म्हणाल्या.