दुसरा गिअर आणि आईचा गुडघा

आधी ऐका, मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाला.

काल बारामतीत गाडीला शॉर्ट शिफ्टर बसवून घेतला. म्हणजे गिअरचा दांडा आखूड झाला, हात जरासा हलवला की गिअर पडतो. निव्वळ माझी हौस.

आज सकाळी आईला घेऊन कन्हेरीहून वरकुट्याला मावशीकडं निघालो. आई शेजारी बसली, नेहमीसारखी दोन्ही गुडघे दाराकडं वळवून, अंग चोरून.

म्हटलं, "आई, अशी वाकडी का बसतीस? गुडघा दुखतोय ना तुझा?"

"आरं, तू दुसरा गिअर टाकलास की दांडा गुडघ्याला लागतोय. तुला अडचण नको म्हणून सरकून बसती."

गाडी घेऊन सात वर्षं झाली. मला वाटायचं, तिला खिडकीतनं रानं बघायला आवडतं.

"आता दांडा आखूड केलाय, न्हाय लागायचा. सरळ बस."

बसली बिचारी. पण पुढं स्पीडब्रेकर आला, मी दुसरा टाकला, आणि तिचा गुडघा आपोआप दाराकडं सरकला.

मी सात वर्षांत आज पहिल्यांदा विचारलं. तुमच्या शेजारच्या सीटवर कोण कसं बसतं, कधी बघितलंय का?