वाफ सरळ झाली

त्या मे महिन्यात मोठी आई करडी या आमच्या गावाहून भंडाऱ्याला साड्या घ्यायला आली होती. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. आठ दिवसांनी तिच्या मुलाचं, दादाचं, लग्न होतं. दोघं मोटारसायकलवर आले, मी त्यांना दुकानात भेटले, आणि दुपारी एकच्या सुमारास आम्ही तिघं पिशव्या घेऊन हायवेलगतच्या नव्या हॉटेलाच्या दारात उभे होतो. डांबर चपलेला चिकटत होतं.

"इथं एसी आहे," दादा म्हणाला. "बाकी काय आहे ते ही वाचून सांगन."

ही म्हणजे मी. बाबांचं ऑफिस भंडाऱ्यात होतं, म्हणून मी इथल्या इंग्रजी शाळेत शिकले, आणि घरात असा समज झाला की इंग्रजीत लिहिलेलं काहीही मला कळतं. वाचता येतं, हे खरं. पण बोलायची वेळ आली की मी वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघते, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

आत गेल्यावर मात्र आम्ही तिघंही बघतच राहिलो. छतावरून लाल कागदी कंदील लोंबत होते, गाणी मोठ्यानं लागली होती, प्रत्येक टेबलावर कोणीतरी हसत होतं. आणि स्वयंपाकघर उघडं होतं, कमरेएवढ्या ओट्यापलीकडे. लोखंडी कढईतून हातभर जाळ उठायचा, त्या जाळात नूडल्स वर उडायच्या आणि परत कढईतच पडायच्या. बांबूच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या, त्यांच्या फटींतून वाफ येत होती. मी एवढी आग इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. आम्हाला ओट्याला लागूनच टेबल मिळालं.

मेनूत थाई करी होती, जपानी भात होता आणि सावजी मसाल्याच्या नूडल्सही होत्या. मी बोट ठेवून ठेवून मागवलं, म्हणजे बोलावं लागलं नाही.

दादा चॉपस्टिक हातात घेऊन बघत होता. मोठी आई म्हणाली, "या काड्या कायले? चूल पेटवाले?"

"खायले, आई."

"दोन काड्यांनी? मंग यायचं जेवण धानाचा रोवणा होईस्तोवर चालत असन."

दादा खूप हसला. मीही हसले. पण मला माहीत होतं की दादाच्या मनात दुसरंच काही आहे, आणि ते तो आज बोलणार आहे.

करडीतल्या आमच्या वस्तीत लग्न कोणाचंही असो, विहारासमोरच्या मांडवात भाताच्या गंजापाशी मोठी आईच उभी राहायची. पाचशे माणसांचा भात एकाच भल्यामोठ्या पातेल्यात, गंजात, शिजतो. गंजाखालचा विस्तव कधी ओढून काढायचा, हे ती सांगायची. तिनं सांगेपर्यंत कोणी झाकणाला हात लावायचा नाही. कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणायची, "वास येते ना." डिसेंबरात तिला मोठा ताप आला आणि तो गेला तेव्हा तिच्या नाकातला वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. फेब्रुवारीत ती अंगणात धान पाखडत बसली होती आणि आत चुलीवरचं वरण करपलं. पूर्वी अंगणातूनच तिला कळलं असतं. त्या दिवसापासून तिला कोणी लग्नात बोलावलं तर ती गुडघ्याचं कारण सांगायची.

"आई," दादा म्हणाला, "केटररवाल्याले हो म्हणून टाकू का? भात-भाजी सगळं त्यायचंच. तू खुर्चीवर बसशीन, पाहुणे पाहशीन."

मोठ्या आईनं पदरानं मान पुसली.

"लोक काय म्हणतीन ते सोड. एकदा भात बिघडला तर..."

"मी म्हटलं का नको म्हणून?" ती म्हणाली. आवाज साधाच होता. मी पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिले.

तेवढ्यात जपानी भात आला. छोट्या काळ्या वाटीत, वरून तीळ. मोठ्या आईनं बोटं लावली आणि तिचा चेहरा पडला.

"गिचका झाला वो यायचा भात. शीत न् शीत चिकटलं." मग माझ्याकडे वळून, "सांग त्या पोराले. दुसरा आण म्हणा. एवढं मोठं हॉटेल अन् भात येत नाही."

शेजारच्या टेबलानं वळून पाहिलं. माझे कान गरम झाले. मी अगदी हळू सांगितलं की हा तांदूळच चिकट असतो, काड्यांनी उचलता यावा म्हणून मुद्दाम तसा शिजवतात. तिनं एक शीत अंगठा आणि बोटात धरून दाबलं. मग दुसरं.

"हाव," ती थोड्या वेळानं म्हणाली. "मधात कणी नाही. शिजला बराबर आहे. जातच वेगळी आहे याची." आणि वाटीतला भात शांतपणे खाऊ लागली. चव लागत होती की नाही, कोण जाणे.

दादा परत केटररकडे वळला. तो बोलत होता आणि मोठी आई त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. ओट्याच्या टोकाला, कढयांपासून दूर, एका मोठ्या गंजात भात शिजत होता. झाकणावर वजन. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. दुपारची गर्दी होती, चारही आचारी जाळापाशी होते.

"पाणी सरलं," मोठी आई म्हणाली.

"कोणतं पाणी?" दादानं विचारलं.

"त्या गंजातलं. आता बुडाले लागन." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "जाय, सांग त्यायले."

मी नेहमीसारखं वाक्य मनात म्हणायला लागले. इंग्रजीत एकदा, हिंदीत एकदा.

"काहून बसून राहिली? जाय ना वो."

मी उठले. चार पावलंच होती, पण ती मला अजून आठवतात. ओट्यापाशी डोक्याला रुमाल बांधलेला, वयानं मोठा आचारी होता. मी म्हटलं, "भैया, वो चावल... पानी खतम हो गया." गाण्यात माझा आवाज बुडाला. मी परत म्हटलं, मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं मी शाळेतही कधी बोलले नव्हते. त्यानं भुवया उंचावल्या, जाऊन झाकण उचललं, डावानं कडेचा भात सारून तळ पाहिला आणि खटकन गॅस बंद केला.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बोटानं आमच्या टेबलाकडे दाखवलं.

तो डावात चार शितं घेऊन आमच्याजवळ आला. त्यानं डाव तिच्यासमोर धरला. मोठ्या आईनं शीत दाबलं. "ढाक के रखो," ती म्हणाली. "आग नको. थोडा टाइम."

"जी, माताजी," तो म्हणाला आणि परत गेला.

"तुले वास आला?" दादानं विचारलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"नाही."

"मंग?"

ती बराच वेळ गंजाकडे बघत राहिली, जणू तिलाही आत्ताच कळत होतं. "वाफ जाडी होती. इकडे तिकडे हालत होती. मंग बारीक झाली, सरळ वर गेली." मग जरा थांबून, "मले वाटे मी नाकानंच करतो."

मी त्या गंजाकडे पाहिलं. सगळीकडे वाफच वाफ होती, टोपल्यांची, कढयांची, सुपाची. त्या सगळ्या वाफेतून तिनं एक बारीक रेघ वेगळी काढली होती, आम्ही बोलत असताना, जेवत असताना.

जेवण झाल्यावर पिशव्या उचलताना ती दादाला म्हणाली, "भाजी-वरण केटररवाल्याचं राहू दे. भात माह्या." आणि मला, "तू माह्याजवळ राहशीन. मी पाहीन, तू ओरडून सांगशीन. माह्या आवाज आता पोचत नाही."

लग्नाच्या दिवशी आम्ही गंजापासून दहा पावलांवर, मांडवाच्या कडेला उभ्या राहिलो. पंगतीची माणसं यायला लागली होती. विस्तवाची धग एवढ्या लांबवरही लागत होती. मी झाकणाच्या कडेची वाफ डोळे ताणून बघत होते. मला ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच दिसली.

मोठ्या आईनं माझं मनगट दाबलं.

"विस्तव ओढा," मी ओरडले, आणि चार माणसं लाकडं ओढायला धावली.